किनाऱ्यावरचं अणुवीज केंद्र: तारापूरच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारापूरला किती अणुभट्ट्या आहेत? त्या सगळ्या एकसारख्या आहेत का?

अणुभट्ट्या चार आहेत, पण घराणी दोन. १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही व्यावसायिकरीत्या सुरू झाल्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती. या रचनेत टर्बाइनला दोन वाटांनी वाफ मिळायची: थेट भट्टीतून, आणि दुय्यम वाफजनित्रांतून. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती वाट बंद करावी लागली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आली. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. भट्टीभोवती पाणी खेळवणाऱ्या जुन्या पाइपांची बदली हे त्यातलं मुख्य काम.

३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो), भारतीय बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅट. गंमत म्हणजे चौथी आधी सुरू झाली. तिच्यातली साखळी प्रक्रिया ६ मार्च २००५ रोजी पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालली, तिसरीची मे २००६ मध्ये. चारही मिळून क्षमता १४०० मेगावॅट.

बातम्या वाचताना एक घोळ नेहमी होतो. ‘तारापूरमध्ये वायुगळती’, ‘तारापूरमध्ये स्फोट’ हे मथळे बहुतेक वेळा तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांबद्दल असतात. अणुवीज केंद्र वेगळं आहे. दोघांचं जवळचं रेल्वे स्टेशन मात्र एकच, बोईसर.

केंद्र समुद्राकाठीच का बांधतात?

उष्णता टाकायला जागा हवी म्हणून. ५४० मेगावॅटची भट्टी प्रत्यक्षात सुमारे १७३० मेगावॅट उष्णता निर्माण करते. त्यातली ५४० मेगावॅट विजेच्या रूपाने बाहेर पडते, उरलेली जवळपास १२०० मेगावॅट कुठेतरी सोडावीच लागते. हा अणुभट्टीचा दोष नव्हे. कोळशाच्या केंद्रालाही हा नियम चुकत नाही. फक्त तिथे थोडी उष्णता धुराड्यातून जाते आणि वाफही जास्त तापमानाची असते. जड पाण्याच्या भट्टीतली वाफ तुलनेने थंड असल्यामुळे कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास अडकते.

हिशेब करून पाहू. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४ मेगाजूल लागतात. पाण्याचं तापमान १० अंश वाढू दिलं तर दर सेकंदाला २९-३० घनमीटर पाणी लागेल. ७ अंशच वाढू दिलं तर ४१-४२. म्हणजे रस्त्यावर दिसणारे दहा हजार लिटरचे तीन-चार टँकर दर सेकंदाला, वर्षभर, एका भट्टीसाठी.

शीतक मनोरे बांधून हे काम जमिनीवरही होतं. नरोरा, रावतभाटा, काक्रापार, कैगा ही केंद्रं नदी, कालवा किंवा धरणाच्या पाण्यावर चालतात. पण मनोऱ्यात पाणी वाफ होऊन उडून जातं. ५४० मेगावॅटला तासाला हजार घनमीटरहून जास्त गोडं पाणी असं उडेल. समुद्रावर ती चिंता नाही. भारतात समुद्राच्या पाण्यावर चालणारी मोठी अणुवीज केंद्रं तीन ठिकाणी आहेत: तारापूर, कल्पक्कम आणि कुडनकुलम.

समुद्राचं पाणी अणुभट्टीतून फिरतं का?

नाही. जड पाण्याच्या भट्टीत तीन वेगळी पाणी-मंडलं असतात. पहिल्यात सुमारे १०० बार (हवेच्या दाबाच्या जवळपास शंभरपट) दाबाखालचं जड पाणी इंधनावरून वाहतं आणि ३०० अंशांच्या किंचित वर तापतं. ते वाफजनित्राच्या बारीक नळ्यांतून जातं. नळ्यांबाहेर असतं दुसऱ्या मंडलाचं साधं, अतिशुद्ध पाणी. त्याची वाफ होऊन टर्बाइन फिरतं. टर्बाइनखालच्या कंडेन्सरमध्ये ही वाफ पुन्हा पाणी होते, आणि तिथल्या नळ्यांच्या आतून तिसरं मंडल वाहतं, म्हणजे समुद्राचं पाणी.

१ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्यांत भट्टीतलीच वाफ टर्बाइनला जात असल्यामुळे टर्बाइनची बाजूही किरणोत्सारी मानून राखावी लागते. पण कंडेन्सर दोन्ही प्रकारांत निर्वाताखाली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा खूप कमी दाबावर, चालतो. नळीला भोक पडलं तर समुद्र आत शिरतो, आतलं पाणी बाहेर जात नाही. केंद्राच्या यंत्रांना ही वाईट बातमी असते, समुद्राला नव्हे.

एवढं पाणी आत घेतात कसं?

दोन मार्ग आहेत: उघडा कालवा किंवा समुद्रतळाखालून बोगदा. कल्पक्कमला सुमारे ४६८ मीटर लांबीचा बोगदा तळाखालून जातो आणि दूर समुद्रातल्या विहिरीतून पाणी ओढतो. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भूगोल निराळा. उतार इतका मंद की ओहोटीला खडकाळ सडा दूरवर उघडा पडतो, आणि उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरांहून जास्त भरतो. म्हणून पंपांची पातळी ठरवताना उधाणातली सर्वांत खोल ओहोटी धरावी लागते. पंपाच्या तोंडावर पाण्याची पुरेशी उंची राहिली नाही तर भोवरा होऊन हवा ओढली जाते, पंप थरथरतो आणि त्याची पाती खाल्ली जातात. उलट, पंपघराची जमीन ठरवताना सर्वांत मोठी भरती, वादळाने चढणारं पाणी आणि वरच्या लाटा यांची बेरीज धरतात.

पाणी आत येताना क्रमाने गाळलं जातं. आधी जाड सळ्यांची जाळी लाकडं आणि मोठा कचरा अडवते, मग काही मिलिमीटर छिद्रांची फिरती जाळी येते. ती सतत वर उचलली जाते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाते. तिच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक वाढू लागला की जाळी चोंदते आहे हे समजतं. पावसाळ्यात हा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. नद्यांचा गाळ, पालापाचोळा, मासेमारीची तुटलेली जाळी आणि आता तर प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं एकदम येतं.

आणखी एक चूक टाळायची असते: बाहेर सोडलेलं गरम पाणीच पुन्हा आत येणं. भरतीचा प्रवाह एका दिशेला, ओहोटीचा दुसऱ्या. घेण्याचं आणि सोडण्याचं तोंड पुरेसं दूर नसेल तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या, मंद दिवसांत गरम पाणी तिथेच घोटाळतं. समुद्राचं पाणी एक-दोन अंशांनी जरी गरम आत आलं तरी कंडेन्सरमधलं निर्वात उतरतं आणि तेवढ्याच उष्णतेतून कमी मेगावॅट मिळतात.

समुद्री जीव खरंच एवढा त्रास देतात?

समुद्राकाठच्या केंद्राचा रोजचा खरा लढा हाच आहे. पाण्याबरोबर बार्नेकल, कालवं, शिंपल्या यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं आत येतात. अंधार, वाहतं पाणी, भरपूर अन्न आणि शत्रू नाही, यापेक्षा चांगलं घर त्यांना मिळणार नाही. ती भिंतीला चिकटतात, वाढतात, मरतात, आणि सुटलेली कवचं जाऊन कंडेन्सरच्या नळीत अडकतात. अडकलेल्या कवचामागे पाणी वेगाने घुसळतं आणि नळी आतून झिजून भोक पडतं.

उपाय क्लोरिनचा. बरीच केंद्रं समुद्राच्या पाण्यातूनच विजेच्या साहाय्याने सोडियम हायपोक्लोराइट बनवतात. पाण्यात शिल्लक क्लोरिन दशलक्ष भागांत ०.२ ते ०.५ भाग राहील असा डोस सतत देतात, आणि ठरावीक काळाने थोडा वेळ मोठा डोस. मोठाच डोस अधूनमधून द्यायचा म्हटलं तर जमत नाही: शिंपल्यांना क्लोरिनची चाहूल लागते आणि त्या कवच मिटून कित्येक तास, काही वेळा दिवस, बसून राहतात. कमी पण अखंड डोस त्यांना वाढू देत नाही.

जेलीफिशवर क्लोरिन चालत नाही. थवा आला की फिरत्या जाळीवर लगदा साचतो आणि तासाभरात पंप बंद करण्याची वेळ येऊ शकते. कल्पक्कमला हा अनुभव जुना आहे. अशा वेळी एकच शहाणपण: पातळीतला फरक वाढताना दिसताच भट्टीची शक्ती आधीच उतरवणं. पंप स्वतःहून बंद पडेपर्यंत थांबलं तर निर्वात कोसळून टर्बाइन झटक्यात थांबतं.

कंडेन्सरची एखादी नळी गळली तर कसं कळतं?

खारेपणावरून. हजारो नळ्यांतली एक जरी टाचणीएवढी गळली तरी क्लोराइड वाफेच्या पाण्यात मिसळतं. कंडेन्सरखालच्या पाण्याचा नमुना सतत एका आयन-विनिमय स्तंभातून काढून त्याची विद्युतवाहकता मोजतात. हा आकडा सर्वांत आधी हलतो. मर्यादा ओलांडली तर शक्ती कमी करायची, कंडेन्सरची अर्धी बाजू वेगळी करायची, पाणी काढायचं आणि गळकी नळी शोधायची. शोधायला हेलियम वायू वापरतात. जुनी युक्ती अजून कामाला येते: नळ्यांच्या तोंडांवर पातळ प्लॅस्टिक किंवा साबणाचा फेस लावायचा, जिथे निर्वाताने तो आत ओढला जातो ती नळी दोषी. मग तिची दोन्ही तोंडं बूच मारून बंद. दुर्लक्ष केलं तर क्लोराइड वाफजनित्राच्या तळातल्या गाळात साचतं आणि तिथल्या नळ्या कुरतडतं. कंडेन्सरची नळी बदलता येते. वाफजनित्र बदलणं म्हणजे महिनोन्महिन्यांचं, अवाढव्य खर्चाचं काम. नव्या किनारी केंद्रांत म्हणूनच टायटॅनियमच्या नळ्या बसवतात.

बांधकाम कसं सुरू होतं? खाऱ्या हवेत काँक्रीट टिकतं का?

आधी खडक उघडा करतात. इकडे तो काळा बेसाल्ट. मऊ, झिजलेला थर काढून पक्का खडक लागेपर्यंत खोदायचं, भूशास्त्रज्ञाने प्रत्येक भेग कागदावर उतरवायची, भेगांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरायचं, आणि मगच पायाचा जाड, सलग थर घालायचा. शेजारी चालू भट्ट्या असतील तर सुरुंगाचं वजन आणि वेळही मोजून ठरवतात, कारण कंप तिकडे पोचतो. तारापूर ३ आणि ४ साठी पहिलं काँक्रीट २००० साली पडलं. त्यानंतर पाच वर्षांत चौथी भट्टी पेटली, आणि आपल्याकडच्या प्रकल्पांच्या चालीने पाहता हा वेग खरोखर चांगला.

जाड काँक्रीट आतून तापतं. सिमेंट मुरताना उष्णता सुटते, गाभा गरम आणि कड थंड राहिली की भेग पडते. म्हणून कालवताना पाण्याऐवजी बर्फाचे तुकडे टाकतात, खडी सावलीत गार करतात आणि ओततानाचं तापमान २० अंशांच्या आसपास ठेवतात. कोकणात मे महिन्यात हे करून पाहिलेल्यांना विचारा. बरीच ओतणी रात्री होतात ती उगाच नाही.

समुद्राकाठी खरा शत्रू क्लोराइड. उघड्यावर पडलेल्या सळईवर काही आठवड्यांत मीठ बसतं, म्हणून ती झाकून ठेवायची आणि बांधण्याआधी धुऊन घ्यायची. खाडीची वाळू चालत नाही. पंपघर आणि कालव्याच्या भिंतींत सळईवरचं काँक्रीटचं आवरण जास्त जाड ठेवायचं. सर्वांत लवकर सडतो तो भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, जो रोज भिजतो आणि वाळतो.

भट्टीभोवती दोन भिंती असतात. आतली पूर्वताणित (आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या) काँक्रीटची, बाहेरची साधी सळईची, आणि मधल्या पोकळीत दाब थोडा कमी ठेवतात, म्हणजे काही झिरपलं तरी ते गाळूनच बाहेर जावं. आतल्या घुमटाचं काम सर्वांत नाजूक. १९९४ मध्ये कैगाला बांधकाम चालू असताना आतल्या घुमटाच्या खालच्या भागातून काँक्रीटचा मोठा थर सुटून खाली आला. घुमट वक्र असल्यामुळे ताणलेल्या तारा काँक्रीटला थरांच्या आडव्या दिशेने फाडू पाहतात आणि त्या दिशेने सळई पुरेशी नव्हती. भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं. त्यानंतर घुमटांचं डिझाइन बदललं, ती आडवी सळई आली आणि काँक्रीटही जास्त ताकदीचं आलं.

भट्टी बसवल्यावर ती लगेच का सुरू करत नाहीत?

कारण प्रत्येक टप्प्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची वेगळी परवानगी लागते: जागा, बांधकाम, सुरू करणं, चालवणं. मधल्या काळात चाचण्या चालतात. संपूर्ण इमारत हवेने फुगवून दाब धरून ठेवतात आणि दिवसाला किती हवा गळते ते मोजतात. पाइपांत साधं पाणी भरून अडीचशे अंशांच्या आसपास कित्येक दिवस फिरवतात, म्हणजे पोलादाच्या आतल्या बाजूला मॅग्नेटाइटचा काळा, घट्ट थर धरतो. हा थर नीट बसला नाही तर पुढे वर्षानुवर्षं गंज सुटून इंधनावरून फिरतो, किरणोत्सारी होतो आणि दुरुस्ती करणाऱ्यांना मिळणारा किरणोत्साराचा डोस वाढवतो. नंतर पाइप वाळवून जड पाणी भरतात. हे पाणी भारतातच बनतं. अलिबागजवळच्या थळला त्याचा कारखाना आहे. ते इतकं महाग की गळलेली वाफही हवेतून वाळवून परत मिळवतात.

इंधन किती लागतं? ते भरायला भट्टी बंद करावी लागते का?

जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम चालतं, ज्यात फुटणारा युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतो. तारापूर ३ मध्ये ३९२ आडव्या नळ्या आहेत, प्रत्येकीत इंधनाच्या १३ जुड्या, म्हणजे ५०९६ जुड्या. एक जुडी सुमारे अर्धा मीटर लांब, ३७ बारीक नळ्यांची. पूर्ण शक्तीवर रोज साधारण दहा-अकरा जुड्या, म्हणजे पाव टनाच्या आसपास युरेनियम खर्ची पडतं. तेवढ्याच विजेला रोज सुमारे ९ हजार टन कोळसा लागेल.

भट्टी बंद करावी लागत नाही. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र लागतं, एक नव्या जुड्या ढकलतं, दुसरं जुन्या झेलतं, आणि हे सगळं १०० बार दाबाखाली. अडचणी येतात त्या याच यंत्रात: नळीच्या टोकाचं बूच नीट न बसणं, सील गळणं, यंत्र नळीला चिकटून राहणं. म्हणूनच या यंत्रांची दुरुस्ती हा केंद्रातला एक स्वतंत्र संसार असतो. १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्यांत मात्र किंचित संवर्धित (युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम लागतं, आणि ते भरायला भट्टी थांबवून वरचं झाकण काढावं लागतं.

भट्टी अचानक बंद पडली की पुन्हा सुरू व्हायला दीड-दोन दिवस का लागतात?

झेनॉन-१३५ मुळे. इंधन फुटताना आयोडिन-१३५ तयार होतं आणि त्याचं काही तासांत झेनॉन होतं. झेनॉन न्यूट्रॉन अधाशासारखं गिळतं. भट्टी चालू असताना ते जितकं बनतं तितकं जळत राहतं, पण भट्टी थांबली की जळणं थांबतं आणि बनणं सुरूच राहतं. अर्ध्या-पाऊण तासात कारण शोधून परत चालू केली तर जमतं. ती वेळ गेली की झेनॉन कमी होईपर्यंत वाट पाहायची. नियंत्रण कक्षात त्या अर्ध्या तासात फोन कोणी उचलत नाही, आणि उचलू नये हेच बरं.

भट्टी थांबवल्यावर धोका संपतो ना?

साखळी प्रक्रिया थांबते. त्यासाठी दोन वेगळ्या व्यवस्था असतात: कॅडमियमच्या २८ दांड्या वरून पडतात, आणि त्या चुकल्या तर गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण थेट जड पाण्यात घुसतं. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे उष्णता सोडतच राहतात. थांबल्याक्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. १७३० मेगावॅटचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ९ मेगावॅट, आणि ती काढली नाही तर इंधन वितळतं.

म्हणून विजेचे चार वर्ग असतात. चौथा वर्ग म्हणजे बाहेरचं ग्रिड. ते गेलं की तिसऱ्या वर्गाचे डिझेल जनित्र अर्ध्या मिनिटाच्या आत भार उचलतात. दुसरा वर्ग अखंड पुरवठ्याचा, पहिला बॅटऱ्यांचा. सगळंच गेलं तर? वाफजनित्रं भट्टीपेक्षा उंचावर ठेवलेली असतात. गरम पाणी वर चढतं, थंड होऊन खाली येतं, पंपाशिवाय. फक्त वाफजनित्रात पाणी भरत राहायचं. हे कागदावरचं नाही. ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा येथे टर्बाइनचं पातं तुटलं, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. अग्निशमनाचं पाणी वाफजनित्रात सोडून भट्टी गार ठेवली गेली. त्यानंतर केबलचे मार्ग वेगळे करणं आणि मधे आगरोधक भिंती घालणं यावर जास्त भर आला.

सुनामी आली तर? फुकुशिमासारखं होईल का?

फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने नव्हे, पाण्याने घात केला. सुमारे सहा मीटरची लाट गृहीत धरली होती, आली चौदा-पंधरा मीटरची. डिझेल जनित्रं आणि विजेचे स्विचबोर्ड तळघरात होते. ते बुडले आणि उष्णता काढणारं काहीच उरलं नाही.

भारतात जवळचा अनुभव कल्पक्कमचा. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत समुद्राच्या पाण्याचं पंपघर बुडालं, चालू असलेली दुसरी भट्टी थांबवली गेली, आणि आठवड्याभरात, २ जानेवारीला ती परत सुरू झाली. पंपघर बुडालं पण जनित्रं उंचावर कोरडी राहिली, एवढाच फरक.

अरबी समुद्रात सुनामीचा ज्ञात उगम मकरानचा, आजच्या पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरचा. नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. तिला इथवर यायला काही तास लागतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय केंद्राकडून सूचना मिळते. तारापूरच्या किनाऱ्याला जास्त विचार करायचा तो उधाणाच्या भरतीवर चढलेल्या चक्रीवादळाचा. २०११ नंतर भारतीय केंद्रांत बाहेरून पाणी जोडण्याच्या जोडण्या, फिरती डिझेल जनित्रं आणि जास्त टिकणाऱ्या बॅटऱ्या आल्या.

डहाणू-तलासरीला सतत धक्के बसतात. केंद्राला धोका आहे का?

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात लहान, उथळ धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातले मोठे धक्के चार रिश्टरच्या आसपासचे. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या घरांना ते पुरेसे त्रासदायक. केंद्राची रचना मात्र परिसरात शक्य असलेल्या याहून कितीतरी मोठ्या भूकंपासाठी तपासलेली असते. काळजी करायची असेल तर आधी आपल्या घराच्या भिंतींची करा.

गरम पाण्याने मासळी कमी होते का?

यावर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नाल्याच्या तोंडाशी तापमान वाढतं हे मोजलेलं असतं. साधारण ७ अंशांची मर्यादा नियमांत येते, आणि काही शे मीटरांवर ते मिसळून जातं. पण तोंडाजवळची अंडी, पिल्लं आणि फिरत्या जाळीवर अडकणारी छोटी मासळी यांचं नुकसान खरं आहे. क्लोरिनचाही वाटा आहे. दुसरीकडे, घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूरच्या समुद्रात औद्योगिक वसाहतीचं रासायनिक सांडपाणीही जातं, ट्रॉलरची मासेमारी वाढली आहे, आणि बोंबील-घोळ यांची घट सगळ्याच किनाऱ्यावर ऐकू येते. कोणाचा वाटा किती, हे वेगळं करायला हंगामवार, भरती-ओहोटीनुसार मोजणी लागते, तीही मच्छीमारांना सोबत घेऊन.

सुरक्षेसाठी बंद केलेल्या पाण्यामुळे डोल (मासेमारीचं मोठं जाळं) लावायची जागा जाते, होड्यांना वळसा पडतो. हे नुकसान पाण्याच्या तापमानात दिसत नाही, पण ते खरंच होतं. ३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आसपास राहणाऱ्यांना किती किरणोत्सार मिळतो?

केंद्रामुळे लोकांना मिळणाऱ्या डोसची कायदेशीर मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याचं एकक). जमीन, आकाश आणि अन्न यांतून सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतो. प्रत्यक्ष आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. परिसरातली पर्यावरण प्रयोगशाळा मासे, दूध, भात, पाणी, माती यांचे नमुने नियमित तपासते.

आतल्या कामगारांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. जड पाण्याच्या भट्टीत सर्वांत चिवट गोष्ट ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ते पाण्याच्याच रूपात असल्यामुळे श्वासातून आणि त्वचेतून शिरतं. छातीवरचा किरणोत्सार मोजणारा बिल्ला ते पकडत नाही. म्हणून लघवीचा नमुना द्यावा लागतो.

आणीबाणीत काय करायचं?

नियोजन १६ किलोमीटरपर्यंतच्या परिसरासाठी केलेलं असतं आणि बाहेरची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. पहिली सूचना बहुतेक वेळा पळण्याची नसते, घरात थांबण्याची असते: दारं-खिडक्या बंद, पंखे आणि एसी बंद, विहिरीवर आणि अन्नावर झाकण. आयोडिनच्या गोळ्या सांगितल्यावरच घ्यायच्या. त्या फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवतात, बाकी कशापासूनही नाही. मीठ खाऊन किंवा टिंक्चर पिऊन उपयोग नाही; टिंक्चर तर विष आहे.

अणुभट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का?

नाही. बॉम्बला लागणारं संवर्धन इथल्या इंधनात नसतंच. स्फोट होऊ शकतो तो वाफेचा किंवा हायड्रोजनचा, आणि तोच फुकुशिमाला झाला.

वापरलेलं इंधन कुठे जातं?

आधी काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत, मग पुनर्प्रक्रियेला, म्हणजे त्यातलं पुन्हा वापरता येणारं वेगळं काढायला. तारापूरला पुनर्प्रक्रिया संयंत्रही आहे. उरलेला तीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत घट्ट करतात. हातमोजे, कपडे, गाळण्या असा सौम्य कचरा काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. आकारमानाने तो सर्वांत जास्त, किरणोत्साराने सर्वांत कमी.

जैतापूर याच धर्तीवर होणार का?

नाही. जैतापूरजवळच्या माडबनला फ्रेंच बनावटीच्या सहा दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. आधी त्या प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या, एकूण ९९०० मेगावॅट धरल्या होत्या; नंतर प्रत्येकी १७३०, एकूण १०,३८० मेगावॅट झाल्या. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली, आणि फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला. तिथला किनारा तारापूरसारखा सपाट नसून उंच सड्याचा आहे, त्यामुळे पूर आणि पंपघर यांची गणितं मुळातूनच वेगळी पडतात. सहा भट्ट्यांना लागणारं पाणी वरच्या हिशेबाने काढून पाहिलं की तिथले मच्छीमार नाल्याच्या तोंडाबद्दल एवढे का विचारतात ते लगेच समजतं.